गुरुजी, एकी!

२०२४ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. गांधी चमनला एक जुना सहकारी भेटला. म्हणाला, "काय गुरुजी, सध्या काय चाललंय?" मी म्हटलं, "नोकरी चालूच आहे. फक्त वर्ग बदलला. आता बालवाडीच्याही आधीचा वर्ग घेतो. विद्यार्थी एक आणि विषयही एकच." विषय कोणता ते मात्र त्याला भर चौकात सांगितलं नाही. तुम्हाला सांगतो. विषय होता शी आणि शू.

(जेवता जेवता वाचायची सवय असलेल्या मंडळींनी आधी जेवण उरकून घ्यावं. नंतर तक्रार चालणार नाही.)

झालं असं, की त्या मार्चमध्ये सौ.च्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. वॉकर धरून घरातल्या घरात चालायचं, खाली बसायचं नाही, असा हुकूम होता. मदतीला म्हणून लेक पुण्याहून आली. तिचं ऑफिस लॅपटॉपवर, त्यामुळे सकाळी दहा ते संध्याकाळी सात ती आमच्या माडीवर बसून पुण्यात असायची. सोबत आमचे नातू, वय वर्षं दोन, महिने आठ. आणि त्यांच्या सोबत डायपरची भलीमोठी तीन पुडकी.

पहिल्याच संध्याकाळी लेक म्हणाली, "बाबा, एक प्रॉब्लेम आहे. जूनपासून ह्याला प्लेग्रुपला घालायचंय. त्यांनी स्पष्ट सांगितलंय, डायपर चालणार नाही. मी तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा हरले."

सौ. पलंगावर. लेक माडीवर. उरलं कोण? मी छाती पुढे काढून म्हटलं, "अगं, चौतीस वर्षं मास्तरकी केली आहे. चारशे-पाचशे पोरांना बाराखडी शिकवली. हे एक लेकरू म्हणजे काय!"

पलंगावरून सौ. फक्त हसली. त्या हसण्याचा अर्थ मला नंतर कळला.

तिचं हसणं बरोबरच होतं. कबूल करायला लाज वाटते, पण आमची दोन्ही मुलं मोठी झाली त्यात माझ्या हाताला एकदाही शी लागली नाही. लंगोट, दुपटी हे सगळं सौ.चं आणि आमच्या आईचं खातं. माझं काम फक्त दुरून "अगं, ह्यानं केलीय बघ" अशी वर्दी देण्याचं. त्या काळी सगळ्याच पुरुषांचं असं होतं, हे खरं. पण सगळ्यांचं होतं म्हणून माझं कमी होत नाही.

आई कशी सवय लावायची ते मात्र डोळ्यांपुढे आहे. लेकरू जरा मान धरायला लागलं, की आई अंगणात पाय लांब करून बसायची, दोन्ही पावलांच्या मधे त्याला बसवायची, पाठीला हात द्यायची आणि तोंडानं "शूऽऽ शूऽऽ" असा आवाज काढायची. सकाळी उठल्यावर, दूध प्यायल्यावर, झोपायच्या आधी. त्या आवाजाला लेकरू इतकं सरावायचं, की वर्षाचं होईपर्यंत निम्मे लंगोट वाचायचे. आईला पुस्तकातलं काही ठाऊक नव्हतं. तिला फक्त लेकराचा चेहरा वाचता यायचा. तोंड जरा लाल झालं, खेळता खेळता ते गप्प झालं, की हातातलं काम टाकून ती उठायची. पण हेही खरं, की तिला उठायला वेळ होता आणि घरात आणखी चार बाया होत्या. माझ्या लेकीला दोन्ही नाही. म्हणून "आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही" असं म्हणणाऱ्यांत मी नाही.

डायपरचीही एक गंमत वाचलेली आहे. १९६१ साली अमेरिकेत पॅम्पर्स बाजारात आले. त्यामागे व्हिक्टर मिल्स नावाचे एक अभियंते होते आणि ते स्वतः आजोबा होते. नातवंडाचे कापडी लंगोट बदलायचा त्यांना कंटाळा, त्यातून ही कल्पना निघाली म्हणतात. म्हणजे जगातल्या एका आजोबांनी डायपर घालायची सोय केली आणि जुन्या जालन्यातल्या दुसऱ्या आजोबांवर तो सोडवायची वेळ आली.

तर मी कामाला लागलो. कसा? मास्तर कसा लागेल? आधी पाठाचं टाचण काढलं! घटक : शी-शू. उद्दिष्ट : विद्यार्थ्यास स्वतःहून सांगता येणे. शैक्षणिक साहित्य : पिवळं बदक (पॉटीची खुर्ची, लेकीनं पुण्याहून आणलेली), चड्ड्या एक डझन, फडकी, फिनेल. मग वेळापत्रक. साडेसहा, आठ, साडेनऊ... दर दीड तासाला एक तास. भिंतीवर हजेरीपट लावला. यश आलं की लाल चांदणी. इतकंच नाही, देवघरातली घंटा आणून तास सुरू झाल्याचीही सूचना देऊ लागलो. सौ. म्हणाली, "देवाला वाटेल आरती आहे."

पहिल्या आठवड्याचा निकाल सांगतो. बदकावर : शून्य. सोफ्यावर : दोन. तुळशीपाशी : तीन. माजघराच्या दाराआड : सहा. माझ्या मांडीवर, मी पेपर वाचत असताना : एक.

त्यात एक मजेशीर गोष्ट लक्षात आली. बाळराजांना कळत सगळं होतं. शी आली की ते गुपचूप उठायचे आणि दाराआड जाऊन उभे राहायचे. कुणी डोकावलं की हात करून "जा, जा" म्हणायचे. म्हणजे आडोसा पाहिजे हे कळत होतं, वेळ कळत होती. फक्त आम्ही सांगू ती जागा मान्य नव्हती. बदकावर बसवलं की दहा मिनिटं शांत बसायचे, गाणी म्हणायचे, बदकाला बिस्कीट भरवायचे. उठले, चार पावलं चालले, की तिथे...

चड्ड्यांचा ढीग पडायला लागला. उन्हाळ्याचे दिवस, पाणी जपून वापरायचे. आमच्या धुण्याभांड्याच्या मावशी एक दिवस बादलीकडे बघून म्हणाल्या, "गुरुजी, लेकराच्या मागं लई लागू नगा. ते काय पळून चाललंय का? आमची तर अंगणात फिरत फिरतच शिकली."

मी मान डोलावली आणि साडेनऊची घंटा वाजवली.

मावशींवरून आणखी एक आठवलं, ते सांगूनच पुढे जातो. माझ्या लहानपणी, म्हणजे पन्नाशीच्या दशकात, आमच्या वाड्यात टोपलीचा संडास होता. मागच्या बोळातून एक बाई यायची, टोपली उचलायची आणि डोक्यावरून घेऊन जायची. आम्ही पोरं नाक धरून पळायचो. तिच्या चेहऱ्याकडे मी कधी पाहिल्याचं आठवत नाही. ही प्रथा बंद करणारा कायदा १९९३ साली झाला आणि तो पुरला नाही म्हणून २०१३ साली आणखी एक करावा लागला. आता नातवाचे डायपर कागदात गुंडाळून घंटागाडीत टाकताना पहिल्याच दिवशी गाडीवरचा मुलगा म्हणाला, "बाबा, हे ओल्या कचऱ्यात टाकू नका, हातानं काढावं लागतं." मला एकदम तो बोळ आठवला. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेनं २०१३ साली असा वापरलेला कचरा पाकिटं भरून थेट कंपन्यांनाच परत पाठवला होता, असं लेकीनं सांगितलं. पुढे २०१६ च्या नियमांत तो नीट गुंडाळून वेगळा द्यावा असं आलं. मी त्या दिवसापासून वेगळी पिशवी केली, वर मोठ्या अक्षरात लिहिलं. पण खरं सांगू? टोपली गेली, तरी आपली घाण दुसऱ्याच्या हातात देऊन आपण नाक धरायची सवय काही गेली नाही.

असो. मूळ विषयाकडे येतो.

दुसऱ्या आठवड्यात घात झाला. शेजारच्या काकू सौ.ला भेटायला आल्या होत्या. चहा चालला होता. बाळराजे दाराआडून बाहेर आले आणि तसेच काकूंच्या स्वच्छ पातळाला जाऊन बिलगले. काकू "अगंबाई" म्हणून उठल्या. आणि माझा आवाज चढला. तो घरातला आवाज नव्हता, वर्गातला होता. "शी! घाणेरडा मुलगा! एवढा मोठा झालास, लाज नाही वाटत?"

लेकरू दचकलं. रडलं नाही. हळूच मागे सरकलं आणि स्वतःच्या चड्डीकडे बघत उभं राहिलं.

त्या दिवसापासून शी बंद. एक दिवस गेला, दोन गेले, तीन गेले. आली की पाय आवळून, टाचा उंच करून, खुर्ची घट्ट धरून उभं राहायचं आणि परतवून लावायचं. जेवण कमी झालं. पोट टणक. चौथ्या दिवशी लेक लॅपटॉप मिटून खाली आली आणि आम्ही रिक्षा करून बालरोगतज्ज्ञांकडे गेलो.

डॉक्टर तरुण होते, पण शांत. त्यांनी सांगितलं ते इतरांच्याही उपयोगाचं म्हणून लिहितो. लेकरू भीतीनं शी धरून ठेवतं. धरली की ती कडक होते. कडक झाली की दुखते. दुखली की लेकरू आणखी धरून ठेवतं. हे चक्र एकदा सुरू झालं, की आधी ते तोडायचं, सवयीचं नंतर बघायचं. म्हणून पातळ व्हायचं औषध, भरपूर पाणी, फळं, भाज्या. काही दिवस डायपर परत घाला, त्यात कमीपणा नाही. बदकावर बसेल तेव्हा पाय लोंबकळता कामा नयेत, खाली टेकले पाहिजेत, नाहीतर जोर लावता येत नाही. बक्षिसाचा गाजावाजा नको, शिक्षा तर अजिबात नको. स्नायूंवर ताबा साधारण दीड-दोन वर्षांच्या पुढे येतो, कुणाला लवकर, कुणाला उशिरा. रात्रीचं तर आणखी उशिरा. पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओलं झालं तरी काळजी करायची नाही.

मी मास्तरच, विचारलं, "याला काही आधार?" ते हसले. म्हणाले, "ब्रेझल्टन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९६२ साली १,१७० मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या होत्या. मूल तयार झाल्याच्या खुणा बघून, त्याच्या कलानं घेतलं, तर बहुतेक मुलं जास्त त्रास न होता शिकतात. दिवसाची सवय त्यांच्याकडे सरासरी अठ्ठावीस-एकोणतीस महिन्यांना लागली होती. पण सरासरी म्हणजे तुमचा नातू नव्हे, सर."

पुढचं वाक्य त्यांनी अगदी सहज विचारलं. "घरात कुणी रागावलं होतं का?"

लेक माझ्याकडे बघेना. मीच म्हटलं, "मी."

त्या रात्री झोप लागली नाही. माळवदावर जाऊन बसलो. नातवाचा तो खाली घातलेला चेहरा डोळ्यांपुढून जाईना. आणि मग लक्षात आलं, की हा चेहरा मी आधी पाहिलेला आहे.

१९७९ साल. तेव्हा जालना जिल्हा झाला नव्हता (तो १ मे १९८१ ला झाला), आम्ही औरंगाबाद जिल्ह्यात होतो. डी.एड. करून मी जालन्याजवळच्या एका खेड्यात शिक्षक होतो. बी.ए. बाहेरून, मराठी घेऊन केलं होतं, त्याचा ताठा होता. शाळा दोन खोल्यांची. मुतारी नव्हती. पोरं मागच्या बाभळीकडे जायची. नियम माझा : मधल्या सुट्टीशिवाय एकी नाही, दुकी नाही. नाहीतर एकाला सोडलं की रांग लागते, हे कोणताही मास्तर सांगेल.

तपासणीचा दिवस होता. साहेब शेजारच्या खोलीत आले होते, कुठल्याही क्षणी माझ्या वर्गात येणार. दुसरीतला एक बारकासा पोरगा करंगळी वर करून उभा राहिला. "गुरुजी, एकी!" मी म्हटलं, "खाली बस." थोड्या वेळानं पुन्हा करंगळी. मी नजरेनं खाली बसवलं. तिसऱ्यांदा त्यानं हात वर केला तेव्हा मी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

साहेब वर्गात आले आणि तरटपट्टी भिजली. पोरं हसली. साहेबही थोडे हसले. आणि मी, साहेबांसमोर माझी शोभा झाली म्हणून, ते गेल्यावर त्या पोराला सगळ्यांदेखत ती तरटपट्टी विहिरीवर नेऊन धुवायला लावली.

दुसऱ्या दिवसापासून पोरांनी त्याला एक नाव पाडलं. ते इथे लिहीत नाही. मी ते ऐकलं होतं. थांबवलं नाही.

आठवड्याभरात तो यायचा बंद झाला. मी एकदा घरी गेलो. आई म्हणाली, "त्यो नगं म्हंतो गुरुजी. शेरडं राखतो." मी परत आलो. हजेरीपटावर लाल शाईनं 'सतत गैरहजर' लिहिलं आणि पुढे नाव कमी केलं. गळतीच्या अहवालात कारणाचा रकाना असे. त्यात मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'पालकांची उदासीनता'.

गंमत बघा. डी.एड.ला मला ताराबाई मोडकांवर दहा मार्कांचा प्रश्न आला होता. त्यांनी आणि अनुताई वाघांनी १९४५ पासून बोर्डीला वस्तीतल्या मुलांसाठी बालवाडी चालवली. अक्षरं नंतर, आधी अंघोळ, नखं, नाक, स्वच्छता, आणि तीही मायेनं, हे सगळं मी उत्तरात लिहिलं होतं. दहापैकी आठ मिळाले होते. वर्गात मात्र त्यातला एकही वापरला नाही.

पुढे काही वर्षांनी मी नियम बदलला. माझ्या वर्गात एकीला परवानगी लागायची नाही, उठायचं आणि जायचं. रांग लागेल म्हणून जी भीती घातली होती, ती रांग काही लागली नाही. चार दिवस पोरांनी मौज केली आणि मग ज्याला खरंच जायचं तोच जायला लागला. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला, त्यात शाळेत मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं हवीत असं आलं, तेव्हा मी निवृत्त झालेलो होतो. पण त्या पोराला मी कधीच काही सांगितलं नाही. आज तो पन्नाशी ओलांडलेला असेल. जालन्याच्या बाजारात त्या वयाचा कुणी "नमस्कार गुरुजी" म्हणाला, की मी आधी चेहरा शोधतो.

खाली आलो तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. सौ. जागी. उशी आवळून पडलेली. मी विचारलं, "काय होतंय?" म्हणाली, "काही नाही." दोनदा विचारल्यावर म्हणाली, "जायचं होतं मघापासून. तुम्ही नव्हता. लेकीला हाक मारायची लाज वाटली."

तिला वॉकरवर धरून नेलं, आणलं. पाणी दिलं तर नको म्हणाली. मग हळूहळू सांगायला लागली. "मी संध्याकाळी पाचनंतर पाणीच पीत नाही. रात्री तुम्हाला उठवायचा संकोच वाटतो. आणि दिवसा तुम्ही दर अर्ध्या तासानं दारात येऊन विचारता, 'जायचंय का? जायचंय का?' आलेली असली तरी थांबते हो माझी. माझं हे असं, तर त्या लेकराचं काय होत असेल? त्याच्या मागे तर तुम्ही घंटा घेऊन फिरता."

एप्रिलच्या उकाड्यात ही बाई तहान मारून पडलेली होती, आणि चौतीस वर्षं पोरांचे चेहरे वाचल्याची घमेंड असलेल्या मला ते वाचता आलं नव्हतं.

सकाळी उठून हजेरीपट काढला. घंटा धुऊन देवघरात परत ठेवली. सौ.च्या पलंगाशी लेकीची जुनी बिनतारी बेल लावली, कधीही दाबावी, का म्हणून विचारायचं नाही असं ठरलं. आणि बाळराजांना डायपर परत घातलं. लेक म्हणाली, "मग जूनचं काय?" मी म्हटलं, "जून येईल तेव्हा येईल."

औषध, दूध-तूप, भिजवलेल्या काळ्या मनुका, पपई. सहा-सात दिवसांत पोट मऊ झालं. शी डायपरमध्येच व्हायची, दाराआडच व्हायची, पण दुखत नव्हती. मी काहीच बोलायचो नाही. फक्त धुताना गप्पा मारायच्या. धुवायचं काम मी लेकीकडून मागून घेतलं. पहिल्या दिवशी हात थबकला, खोटं बोलत नाही. तिसऱ्या दिवशी विसरलो. बाळराजे माझ्या खांद्यावर एक हात ठेवून, वाकून, "आबा, गार गार पाणी" म्हणायचे. सत्तरी ओलांडल्यावर एवढा विश्वास कुणी टाकत नाही हो माणसावर. आमच्या दोन्ही मुलांचा हा खांद्यावरचा हात मी कामात होतो म्हणून घालवला.

मग पुढचं जे झालं, त्यात माझं कर्तृत्व काही नाही.

सौ. दिवसातून चार-पाच वेळा वॉकर टेकत न्हाणीघराकडे जायची. तिथे ऑपरेशननंतर तिच्यासाठी कमोडची खुर्ची ठेवली होती. वॉकरचा ठक ठक आवाज झाला, की बाळराजे खेळ टाकून तिच्या मागे. एक दिवस ते बदक ओढत ओढत मागे गेले. आतून आवाज आला, "आजी, तू तुझ्या बदकावल. मी माझ्या बदकावल." दार अर्धवट लोटलेलं. मी बाहेर कान देऊन उभा. आत बराच वेळ शांतता. मग सौ.चा आवाज, अगदी साधा, जसा भाजी झाली हे सांगताना असतो तसा. "अहो, झाली बरं का आमची दोघांची."

मी टाळ्या वाजवणार होतो. वाजवल्या नाहीत. आत गेलो आणि दोघांचं आवरलं. बाळराजांनी बदकातल्या ऐवजाकडे कौतुकानं बघितलं आणि संडासात टाकताना हात हलवून "टाटा" केलं.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं लिहिलं असतं तर गोष्ट छान दिसली असती. पण तसं नव्हतं. मे महिन्यात चार दिवस उत्तम, पाचव्या दिवशी पुन्हा तुळस. जावई आले त्या शनिवारी आनंदाच्या भरात तीन चड्ड्या. शू आधी जमली, शी नंतर. मावशींचा सल्ला ऐकून दुपारनंतर अंगणात लिंबाखाली उघड्या बुडानं खेळायला सोडायचो. अंगाला काही नसलं की लेकराला स्वतःचं स्वतःला कळतं, हे त्यांचं म्हणणं खरं निघालं. झालं काही इकडेतिकडे, तर फडकं घ्यायचं आणि दोघांनी मिळून पुसायचं. शिक्षा म्हणून नाही. पुसण्याचाही त्यांना खेळ वाटायचा. विहिरीवर नेलेली तरटपट्टी दर वेळी माझ्या डोळ्यांपुढे यायची, ती गोष्ट वेगळी.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ही मंडळी पुण्याला गेली. सौ. काठीवर आली होती. जाताना बदक गाडीत, मांडीवर. मी लेकीला एकच सांगितलं, की प्लेग्रुपच्या बाईंना खरं सांग. बहुतेक वेळा जमतं, कधी कधी जमत नाही, आणि त्या वेळी कुणी रागवायचं नाही. नाही चालणार म्हणाल्या तर दुसरी जागा बघ. लेकीनं तसंच सांगितलं. बाई म्हणाल्या, दोन जास्तीच्या चड्ड्या दप्तरात ठेवा. मी उगाच त्यांच्यावर मनात रागावून बसलो होतो.

जुलैत व्हिडिओ कॉल आला. बाळराजे नवीन शिकलेलं सगळं दाखवत होते. रंग, पावसाचं गाणं, डबा. मधेच गप्प झाले. चेहरा जरा लाल. मग स्क्रीनवर करंगळी वर आली. शाळेत शिकवलेलं असणार.

"आबा, एकी. जाऊ?"

मला दोन क्षण बोलताच येईना. सौ.नं माझ्याकडे बघितलं. तिला ती गोष्ट मी त्या रात्रीनंतर सांगितली होती.

मी म्हटलं, "विचारायचं नाही रे बाळा. आली की उठायचं आणि जायचं."

फोन तसाच टाकून तो पळाला. आम्ही दोघं बराच वेळ लेकीच्या घराचं छत बघत बसलो होतो.